झुडपी जंगल : वर्धा जिल्ह्यातल्या एका महसुली नोंदीचा इतिहास

वर्धा जिल्ह्यातल्या कोणत्याही गावाचा नकाशा उघडला, तर वहितीच्या लहान लहान क्रमांकांच्या कडेला, टेकडीच्या उतारावर नाहीतर नाल्याच्या काठी, दोन-चार मोठे क्रमांक आढळतात. त्यांच्या अभिलेखात पिकाचे नाव नसते, खातेदाराचेही नसते; ‘झुडपी जंगल’ एवढेच लिहिलेले असते. पूर्व विदर्भातील नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतच ही नोंद आढळते. वर्धा नदी ओलांडून अमरावती किंवा यवतमाळकडे गेले की ती संपते. तिथे तशाच जमिनीला लोक ‘ई-क्लास’ म्हणतात. नदीच्या दोन्ही तीरांची माती आणि पिके सारखी, भाषाही एकच. फरक आहे तो जमीनमहसुलाच्या पद्धतीचा. वऱ्हाडात रयतवारी होती, वर्ध्याकडे मालगुजारी. झुडपी जंगलाची कहाणी या फरकापासून सुरू होते.

ही जमीन मुळात कशी असते ते आधी पाहायला हवे. जुन्या जमाबंदीत या भागातील मातीचे काळी, मोरंड, खरडी आणि बरडी असे प्रकार पाडले जात. हिंगणघाट आणि देवळीकडच्या सपाटीत काळी आणि मोरंड; आर्वी, आष्टी, कारंजा आणि सेलूच्या चढावर खरडी आणि बरडी. बरडी म्हणजे मुरमाची, वीतभर खोलीची तांबूस जमीन. पावसाळ्यात तिच्यावर गवत चांगले येते, पण नांगर फार खोल जात नाही आणि मोठे झाड मूळ धरत नाही. पळस, बोर, बाभूळ, हिवर, तरवड आणि मधूनमधून खुरटलेला खैर हीच तिच्यावरची झाडोऱ्याची संपत्ती. जंगल म्हणावे तर दाट सावली नाही, पडीत म्हणावे तर उपयोग मोठा. ‘झुडपी’ हे विशेषण या मधल्या स्थितीसाठी वापरले गेले. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या महसुली कागदांत आजही ‘बड़े झाड़ का जंगल’ आणि ‘छोटे झाड़ का जंगल’ अशा नोंदी भेटतात. त्या आणि झुडपी जंगल एकाच घरातल्या आहेत. जुन्या मध्य प्रांताच्या पटवाऱ्यांनी त्या लिहिल्या.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य तिसरे रघूजी यांच्या मृत्यूनंतर इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. पुढच्याच वर्षी नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा करण्यात आला. त्याचे ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये ते पालकवाडीला आले आणि गावाला नदीचे नाव मिळाले. भोसल्यांच्या काळात गावचा पाटील वसूल गोळा करून सरकारात भरी. जमिनीचा मालक म्हणून त्याला कोणी ओळखत नसे. इंग्रजी जमाबंदीने या वसुली करणाऱ्यालाच गावाचा मालक ठरवले. तोच मालगुजार. वहिती करणारी कुळे त्याच्या हाताखाली आली आणि गावची पडीत, गवताळ, झुडपी जमीन, तळी आणि वाटा त्याच्या नावे झाल्या.

त्याच सुमारास सरकारने आणखी एक रेघ ओढली. गावाच्या गरजेपुरती पडीत मालगुजाराकडे ठेवायची आणि तिच्यापलीकडचे जंगल सरकारी करायचे, असे ठरले. वर्ध्यात उत्तरेकडच्या गरमसूर, ढगा आणि बोर नदीच्या डोंगरांतले सागाचे रान अशा रीतीने सरकारकडे गेले आणि पुढे १८७८ च्या वन कायद्याखाली राखीव झाले. म्हणजे जंगल कोणते आणि गावची पडीत कोणती, याची वाटणी जिल्ह्याच्या जन्मापासूनच झालेली होती. झुडपी जंगल त्या वाटणीत गावाच्या बाजूला पडले. पुढच्या दीडशे वर्षांतला सगळा वाद समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

मालगुजार मालक झाला तरी गावाचा पडितावरचा हक्क सरकारने पूर्ण पुसला नाही. जमाबंदीच्या वेळी प्रत्येक गावाची रूढी लिहून घेतली जाई. त्या लेखाला वाजिब-उल-अर्ज म्हणत. कोणत्या वाटेने गुरे न्यायची, तळ्याचे पाणी कोणी आणि कधी घ्यायचे, नांगराला आणि वखराला लाकूड कुठून तोडायचे, धुऱ्यावर लावायला काट्या कुठल्या, सरपण कोणते, हे त्यात असे. या सगळ्याला मिळून ‘निस्तार’ हा शब्द होता. शेतकऱ्याला निस्तार म्हणजे उपकार नव्हता. बैलाशिवाय शेती नव्हती, चाऱ्याशिवाय बैल नव्हता आणि वहितीच्या जमिनीतल्या कडब्यावर वर्षभर बैलजोडी जगत नसे. पावसाळ्यात पिके उभी असताना गुरे जायची कुठे? गावच्या आखरावर सकाळी गुरे जमत, गायकी त्यांना हाकीत बरडीवर नेई आणि दिवस मावळता परत आणी. वावर आणि बरड ही एकाच शेतीची दोन अंगे होती, आणि दुसऱ्या अंगाला सातबारा नव्हता.

उत्तर वर्ध्यात हे आणखी ठळक दिसते. आर्वी, आष्टी आणि कारंजा या पट्ट्यातली गवळाऊ गाय आणि तिचा हलका, पांढरा, चपळ बैल प्रसिद्ध आहे. मराठ्यांच्या फौजेची ने-आण याच जातीच्या बैलांनी केली, असे परंपरा सांगते. नंदगवळी समाजाने ही जात सांभाळली आणि तिला पोसले ते याच डोंगरउतारावरच्या गवताने. कारंजाजवळ हेटीकुंडीला सरकारी पैदास केंद्र निघाले, तेही याच गवताळ मुलखात. जमनालाल बजाजांनी आयुष्याच्या शेवटच्या काळात वर्ध्याला गोसेवेचे काम हाती घेतले, तेव्हा त्यांच्यासमोर हाच पशुधनाचा मुलूख होता. ‘पडीत’ हा शब्द महसूल खात्याचा आहे. ज्या जमिनीतून कर येत नाही ती पडीत, एवढाच त्याचा अर्थ. ती निकामी होती असा समज या शब्दाने रुजवला आणि त्याने मोठे नुकसान केले.

कापसाने या तोलाला पहिला धक्का दिला. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि हिंगणघाटच्या कापसाचे भाव चढले. १८६७ मध्ये रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली आणि पुढे एक फाटा हिंगणघाटवरून वरोऱ्याकडे गेला. जिथे नांगर चालेल तिथे वाही सुरू झाली. काळी आणि मोरंड लवकरच संपली. मग खरडीवर तुरी, ज्वारी आणि कापूस आला. मालगुजाराला नवी वाही हवीच होती, कारण तिच्यातून नवे कूळ आणि नवा खंड मिळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दक्षिण वर्ध्यातल्या कितीतरी गावांत चराईची जमीन नावापुरती उरली. उत्तरेत उतारामुळे ती टिकली. झुडपी जंगल आज सारखे पसरलेले न दिसता तुकड्यातुकड्यांत आढळते, ते यामुळे.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश सरकारने मालगुजारी संपवली. १९५० च्या कायद्याने मालगुजार आणि जमीनदार यांचे मालकी हक्क रद्द झाले आणि ३१ मार्च १९५१ पासून ते सरकारात विलीन झाले. मालगुजाराची स्वतःची सीर आणि खुदकाश्त, म्हणजे त्याची घरची वाही, त्याच्याकडे राहिली. बाकी सारे राज्याचे झाले. या कायद्यात राज्याकडे जाणाऱ्या मालमत्तेची एक लांबलचक यादी आहे. तिच्यात लागवडीची आणि नापीक जमीन, गवताची जमीन, झुडपी जंगल, वन, झाडे, तळी, विहिरी, वाटा, गावठाण आणि बाजारहाट अशी एकेक गोष्ट स्वतंत्र मोजली आहे. गवताची जमीन वेगळी, झुडपी जंगल वेगळे आणि वन वेगळे. १९५० मध्ये कायदा लिहिणाऱ्यांना या तीन वस्तूंतला फरक ठाऊक होता आणि तो त्यांनी लिहून ठेवला. पुढे हाच फरक हरवला.

याच कायद्याने आणखी एक गोष्ट सुरू केली. कायदा येणार हे कळताच मालक जमिनी, झाडे आणि ठेके घाईने विकतील, हे उघड होते. म्हणून १६ मार्च १९५० नंतर मालकाने केलेली अशी हस्तांतरणे रद्दबातल ठरवण्यात आली. त्या तारखेआधी ज्याच्या हाती कागद होता तो तरला, नंतरचा गेला. बरडीच्या जमिनीचे भवितव्य मातीवरून किंवा वापरावरून न ठरता तारखेवरून ठरण्याची ही पहिली वेळ. पुढे प्रत्येक कायद्याने स्वतःची तारीख आणली.

मालगुजारी गेल्यावर राज्याने गावोगावच्या निस्ताराची मांडणी नव्याने केली. मोठ्या झाडांची रानेवने वन खात्याकडे गेली आणि संरक्षित वने म्हणून अधिसूचित होत गेली. उरलेली झुडपी आणि गवताळ जमीन महसूल खात्याकडे राहिली. गावच्या निस्तार पत्रकात ती चराईसाठी आणि सरपणासाठी दाखवली गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत विदर्भापुरते एक स्वतंत्र प्रकरण ठेवावे लागले. कलम १६१ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याने प्रत्येक गावाचे निस्तार पत्रक करायचे आणि कलम १६५ प्रमाणे वाजिब-उल-अर्ज. पश्चिम महाराष्ट्रातल्या अधिकाऱ्याला हे दोन्ही शब्द परके होते, आणि विदर्भात बदलून आल्यावर त्याला ते शिकावे लागत.

महसूल खात्याकडे जमीन राहिल्याचा अर्थ सरळ होता. ती वाटता येत होती. १९५० ते १९८० या तीस वर्षांत गावाला जे काही नवे लागले ते बहुधा याच क्रमांकांतून दिले गेले. शाळा, दवाखाना, ग्रामपंचायत, पाणीटाकी, स्मशान, बेघरांची वस्ती, पाझर तलाव, रस्ता. भूमिहीनांना आणि माजी सैनिकांना वहितीसाठी पट्टे मिळाले. असे पट्टेदार शेतकरी भोगवटदार वर्ग-२ झाले; जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय जमीन विकायची नाही ही अट त्यांनी मान्य केली आणि मुरूम वेचून, बांध घालून बरडीचे वावर केले. काहींनी कागदाची वाट न पाहता वाही केली. अशा वहितीला सरकारी भाषेत अतिक्रमण म्हणतात. हे अतिक्रमण करणारे बहुतेक अल्पभूधारक आणि शेतमजूर होते. १९७८ आणि १९९१ मधील शासकीय निर्णयांनी ठरावीक तारखांच्या आतली काही अतिक्रमणे नियमित झाली. १९९१ च्या निर्णयात गायरानासाठीची तारीख १४ एप्रिल १९९० होती.

शेतमालकाच्या स्वतःच्या वावरावरही या काळात एक पर्यावरणीय बंधन आले. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, खैर, बिजा, हळदू, ऐन अशी झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येईनाशी झाली. उत्तर वर्ध्यात धुऱ्यावर सागाची झाडे असणे साधी गोष्ट आहे. मुलीचे लग्न किंवा घराचे छप्पर त्यांच्या भरवशावर काढले जाई. आता अर्ज, मोजणी, झाडांवर खुणा आणि वाहतूक परवाना ही वाट आली. विदर्भात तिला ‘मालकी प्रकरण’ म्हणतात. शेत झुडपी क्रमांकाला लागून असेल तर प्रकरण अडकण्याचा संभव वाढतो, कारण झाड शेतकऱ्याच्या हद्दीत आहे की सरकारच्या, हे भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीशिवाय ठरत नाही. खाजगी झाडांची बेसुमार कत्तल थांबावी हा हेतू योग्य होता. पण वाट एवढी लांब ठेवल्याने अनेकांनी धुऱ्यावर साग लावणेच सोडले, आणि कायद्याला हवे होते त्याच्या उलट घडले.

२५ ऑक्टोबर १९८० ही या इतिहासातली सर्वांत जड तारीख आहे. त्या दिवशी वन (संवर्धन) कायदा लागू झाला. वनजमीन वनेतर कामाला वापरायची असेल तर केंद्र सरकारची पूर्वमंजुरी हवी, असा त्याचा गाभा. देशभर राज्य सरकारे जंगल धडाक्याने वाटत सुटली होती, ते थांबवणे गरजेचे होते आणि कायद्याने ते बऱ्याच अंशी थांबवलेही. प्रश्न एवढाच होता की वन म्हणजे काय, हे कायद्याने सांगितले नव्हते. पूर्व विदर्भातल्या हजारो क्रमांकांच्या नोंदीत ‘जंगल’ हा शब्द होता. चराईच्या जमिनीला पटवाऱ्याने दिलेले नाव आता केंद्राच्या कायद्याच्या कक्षेत येऊ लागले. गावचा पाझर तलाव असो की पांदण रस्त्याची दुरुस्ती, फाइल तहसीलवरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून नागपूरला आणि तिथून दिल्लीच्या दिशेने जाऊ लागली.

राज्य सरकारने या जमिनींची छाननी केली. सहा जिल्ह्यांतले सुमारे ९२ हजार हेक्टर क्षेत्र वनव्यवस्थापनाला योग्य आणि सुमारे ८६ हजार हेक्टर अयोग्य ठरले. पहिल्या भागाबद्दल फारसा वाद नव्हता. दुसऱ्या भागात विखुरलेले, उघडे, आधीच वाटलेले, वस्ती झालेले किंवा वाहीखाली आलेले तुकडे होते. ते सोडून देण्यासाठी राज्य केंद्राकडे मागणी करत राहिले. दिल्लीने अटी घातल्या, राज्याकडून त्या पुऱ्या झाल्या नाहीत आणि पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालला. या दिरंगाईची झळ दोन्ही सरकारांना लागली नाही. ती लागली पट्टेदाराला. बँक तारण घेईना, वारसाचा फेरफार अडला, विहिरीला किंवा वीजजोडणीला हरकत निघाली. वीस वर्षे शेतसारा भरलेल्या जमिनीचा धनी एका विशेषणामुळे संशयित ठरला.

१२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात आदेश दिला. नीलगिरीतल्या झाडतोडीवरून सुरू झालेल्या या याचिकेने देशाचा वनविषयक कारभार बदलून टाकला. न्यायालयाने सांगितले की वन म्हणजे शब्दकोशातल्या अर्थाने वन, आणि शिवाय सरकारी अभिलेखात वन म्हणून नोंदलेले कोणतेही क्षेत्र, मालकी कोणाचीही असो. या व्याख्येने ईशान्येपासून पश्चिम घाटापर्यंत मोठी वने वाचली, हे मान्य करायला हवे. पूर्व विदर्भात मात्र ‘अभिलेखातली नोंद’ हा निकष नेमका दुखऱ्या जागेवर बसला. जमिनीवर काय उभे आहे हे पाहण्याची गरजच उरली नाही. कागदावर काय लिहिले आहे तेवढे पुरेसे ठरले. १९५० च्या कायद्याने वेगळी मोजलेली तीन नावे शेवटी एका शब्दात मिसळली.

झुडपी जमीन वनजमीन ठरू लागल्यावर तिचा एक नवा उपयोग निघाला. धरण, खाण किंवा महामार्गासाठी वन गेले की बदली वनीकरण करावे लागते, आणि त्यासाठी जमीन शोधताना प्रशासनाची नजर याच तुकड्यांवर पडे. ज्या बरडीवर मोठे झाड टिकत नाही तिथे खड्डे खणून, चर काढून, तारेचे कुंपण घालून रोपे लावली गेली. रोपे जगोत न जगोत, गुरांची वाट बंद झाली. चराई आटली तशी गवळाऊची खिल्लारेही आटली. बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली हे खरे, पण ते एकच कारण नव्हे. ज्या गावात चरायला जागा उरली नाही तिथे गाय ठेवणे परवडेनासे झाले आणि शेणखताअभावी खरडीच्या वावराचा कस उतरला. बंधन बरडीवर आले, परिणाम शेजारच्या वावरात दिसला.

वन्यजीवांचा प्रश्नही या जमिनीशी जोडलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रोही आणि रानडुकरांची शिकार थांबली. बोरचे अभयारण्य १९७० मध्ये, त्या कायद्याच्याही आधी, जाहीर झाले होते. २०१४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झाले. सेलू तालुक्यातल्या बोर धरणाभोवतीचे हे रान लहान आहे, वाघ आणि तृणभक्षी प्राणी त्याच्या हद्दीत मावत नाहीत. ते नाल्यांच्या काठाने आणि झुडपी पट्ट्यांच्या आधाराने फिरतात. दिवसा झुडपात बसतात, रात्री हरभऱ्यात आणि तुरीत उतरतात. नवरगावसारख्या गावाने रानातून उठून दुसरीकडे संसार मांडला. जी गावे कडेला राहिली त्यांच्या वाट्याला जागल आली: हिवाळ्याच्या रात्री वावरात माचाण बांधून, शेकोटी पेटवून पिकाची राखण. अलीकडे त्याच्या जोडीला झटका मशीनचे कुंपण आले. नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण पंचनाम्यासाठी सातबारा लागतो. अतिक्रमणाच्या किंवा वादातल्या झुडपी क्रमांकावर पीक घेणाऱ्याकडे तो नसतो आणि रोही मात्र नोंद पाहून चरत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने पहिल्यांदाच उलट्या दिशेने पाहिले. त्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांत ‘निस्तार’ हा शब्द जसाच्या तसा आहे. जमीनदारी आणि संस्थानी काळातले असे हक्क, त्यांना कोणतेही नाव असो, मान्य करावेत असे तो सांगतो. वाजिब-उल-अर्जातली रूढी अशा रीतीने संसदेच्या कायद्यात परत आली. शाळा, अंगणवाडी, जलवाहिनी, लहान कालवे, रस्ते अशा कामांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरच्या आतली वनजमीन देण्याची सोयही याच कायद्यात आहे. वैयक्तिक हक्कासाठी ताब्याची तारीख १३ डिसेंबर २००५ धरली गेली. आदिवासी दावेदाराला तेवढे पुरते. इतरांना मात्र त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथला रहिवास सिद्ध करावा लागतो. वर्ध्यात झुडपी जमीन वाहणाऱ्यांत अनुसूचित जाती आणि इतर मागास समाजांची कुटुंबे पुष्कळ आहेत. १९३० च्या आधीचा कागद त्यांच्याकडे असणार कसा? तेव्हा गाव मालगुजाराचे होते आणि कागद त्याच्या वाड्यात होते.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाबद्दल स्वतंत्र निकाल दिला. खंडपीठात मूळचे अमरावतीचे सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह होते. १९९६ च्या आदेशाला धरून झुडपी जमिनी वनजमिनीच आहेत, हे न्यायालयाने कायम केले. त्याचबरोबर एक अपवाद केला आणि तो इतरत्र दाखला म्हणून वापरू नये असे बजावले. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने ज्या जमिनी रीतसर वाटल्या, त्या वनांच्या यादीतून वगळण्यासाठी राज्याने प्रत्येक जिल्ह्याचा एकत्रित प्रस्ताव केंद्राकडे पाठवायचा. अशा जमिनींसाठी केंद्राने बदली वनीकरणाची किंवा वनाचे निव्वळ वर्तमान मूल्य भरण्याची अट घालायची नाही. ही सूट मोठी आहे. एकेका पट्टेदाराने स्वतंत्र प्रस्ताव करून ते मूल्य भरायचे ठरवले असते, तर जमिनीच्या किमतीपेक्षा तिला मोकळी करण्याचा खर्च जास्त झाला असता.

त्या तारखेनंतरच्या वाटपाला न्यायालयाने वेगळे तराजू लावले. अशा वाटपाची कारणे आणि ते करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे राज्याने द्यायची, आणि संबंधितांवर कायद्याप्रमाणे कारवाई झाल्याची खात्री करूनच केंद्राने प्रस्ताव विचारात घ्यायचा. कोणालाही न दिलेले, तीन हेक्टरपेक्षा लहान आणि जंगलाला न लागलेले तुकडे संरक्षित वने म्हणून जाहीर करता येतील का हे तपासायचे. उरलेली झुडपी जमीन एका वर्षात महसूल खात्याकडून वन खात्याकडे द्यायची. बदली वनीकरणासाठी या जमिनी सरसकट वापरण्यालाही आळा घातला: वनेतर जमीन उपलब्ध नाही असा मुख्य सचिवाचा दाखला असल्याशिवाय झुडपी क्षेत्र त्यासाठी घेता येत नाही. अतिक्रमणे काढण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात उपविभागीय दंडाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, सहायक वनसंरक्षक आणि तालुका भूमी अभिलेख निरीक्षक यांचे विशेष पथक नेमून त्याला दोन वर्षांची मुदत दिली.

वर्ध्याच्या शेतकऱ्यांची या निकालाने तीन गटांत विभागणी होते. पहिल्या गटात १९९६ पूर्वीचे रीतसर पट्टेदार आहेत. त्यांच्यावरची सावली उठण्याची वाट मोकळी झाली. दुसऱ्या गटात कागदाविना वाही करणारे. त्यांचा आधार वनहक्क कायद्यातला दावा आणि जुने नियमितीकरणाचे आदेश एवढाच आहे. तिसरा गट सर्वांत मोठा आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते: ज्यांचे वावर निर्विवाद स्वतःचे आहे, पण ज्यांची पांदण, चराई, नाला आणि धुरा झुडपी क्रमांकाला भिडलेले आहेत. त्यांच्या शेजारची जमीन आता महसूल खात्याऐवजी वन खात्याची होते. तहसील कार्यालयात सुटणारा वाटेचा प्रश्न वनपरिक्षेत्र कार्यालयात जातो, आणि निस्तार पत्रकात लिहिलेली चराई नव्या धन्याकडे मान्य करून घ्यावी लागते. त्यासाठीचा सर्वांत भक्कम कागद वनहक्क कायद्याखालचा सामूहिक हक्काचा दावा हाच आहे. तो ग्रामसभेने ठराव करून, जुने निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जाची नक्कल जोडून, उपविभागीय समितीकडे द्यायचा असतो.

पट्टेदाराला लागणारे कागदही ठरलेले आहेत: पट्ट्याचा मूळ आदेश, त्यावरची तारीख आणि देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद, त्यानंतरचा फेरफार, ताब्याची नोंद आणि मोजणीचा नकाशा. वाटप १९६५ चे असो की १९९५ चे, ते १२ डिसेंबर १९९६ पर्यंतचे आहे हे दाखवणारा शिक्का त्यांपैकी एकावर तरी हवा. आदेशाची प्रत हरवली असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल काढावी लागते आणि तिथल्या बस्त्यांत मालगुजारी काळातले खसरे, निस्तार पत्रके आणि पट्ट्यांच्या नोंदवह्या एकाच कपाटात लागलेल्या असतात.